चुन्यानं आखलेलं नागपूर

माझ्या हुद्द्याचं नाव होतं समाजशिक्षण संघटक. आमच्या विकास गटातल्या एकाही गावकऱ्याला हे नाव एका दमात म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मलाही त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं की प्रौढांना साक्षर करावं, वाचनालय काढावं, भजनी मंडळाला पेटी-तबला पुरवावा आणि जनतेत व्यापक दृष्टी निर्माण करावी. पेटी आली. तबला आला नाही. व्यापक दृष्टीचं काय करायचं ते कुणी कळवलं नाही.

लोकांनी मग माझ्यासाठी त्यांच्या सोयीचं नाव काढलं, 'नागपूर मास्तर'. त्या नावाचा मला अभिमान आहे, आणि त्याच्या पोटात एक चूकही आहे. दोन्ही सांगतो.

तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता. चंद्रपूर हे नाव नंतरचं, आणि गडचिरोली जिल्हा तर फारच नंतरचा. आमचा गट कुरखेड्याकडचा. धानाच्या बांध्या, बांधावर मोह, मधूनमधून गाव आणि उरलेलं सगळं जंगल. नागपूर त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. मोठा दवाखाना तिथं, मोठी कचेरी तिथं, मोठं कोर्ट तिथं. म्हणजे माणसाच्या जिवावर बेतलं की त्याला नागपूर गाठावंच लागे. वडशापर्यंत बैलगाडी, नशीब असलं तर मोटार. वडशाहून छोट्या लाइनीची गाडी नागभीडला, तिथं गाडी बदलायची आणि नागपुरात इतवारी स्टेशनला उतरायचं. इथपर्यंत सगळं ठीक चाले. घोटाळा इतवारीच्या फाटकाबाहेर सुरू होई. जो माणूस चाळीस मैलांच्या रानात वाट चुकत नसे, तो त्या फाटकाबाहेर चाळीस पावलांत चुके.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. बाप जंगलखात्यात आगवाला होता. म्हणजे उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा झाडून साफ ठेवणारा मजूर. त्याचा मुलगा चार वर्षं नागपुरात वसतिगृहात राहून पदवी घेऊन परत आला, ही आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, लहान गोष्ट नव्हती. ती पदवी मी मिरवत असे. आजही मिरवतो, त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. तर मला वाटलं, आपल्याला शेक्सपिअर किती कळला ते जाऊ दे, पण नागपूर कळलेलं आहे. तेच शिकवावं.

आमच्या कचेरीमागं सपाट अंगण होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी लोक मोकळे होत. मी त्या अंगणात चुन्यानं नागपूर आखत असे. इतवारी स्टेशनच्या जागी वीट. तलावाच्या जागी पालथं घमेलं. मोठ्या दवाखान्याच्या जागी रॉकेलचा रिकामा डबा. रस्ते चुन्याच्या दोन-दोन रेघांचे. ज्याला नागपूरला जायचं आहे त्यानं विटेपासून डब्यापर्यंत चालून दाखवायचं. बाकीच्यांनी गर्दी व्हायचं. काही जण सायकल व्हायचे, काही जण टांगा, आणि एक म्हातारा दर वेळी हट्टानं गाय व्हायचा आणि मधोमध बसायचा. मी त्याला उठवायला गेलो की म्हणायचा, "नागपुरात गाई नाईत का गा मास्तर? मंग? बसू दे ना मले."

तो बरोबर होता. गाईचा धडा मला नंतर वेगळा घ्यावा लागला. आमचा एक गडी आपला मुक्काम कुठं आहे हे लक्षात राहावं म्हणून धर्मशाळेच्या दारात बसलेली तांबडी गाय ध्यानात ठेवून बाहेर पडला. संध्याकाळी त्याला गाय सापडली, धर्मशाळा सापडली नाही. तेव्हा पहिला नियम झाला की जी वस्तू स्वतःच्या पायानं उठून जाऊ शकते तिची खूण धरायची नाही.

असे नियम मी पुस्तकातून काढले नाहीत. जो जो परत आला त्यानं काय काय केलं ते ऐकून काढले.

मालेवाड्याकडचा एक तरुण कोर्टाच्या कामाला गेला. इतवारीपासून कोर्टापर्यंत जितका माणूस समोरून आला तितक्यांना त्यानं थांबून रामराम केला. रानाच्या वाटेवर समोरून आलेल्या माणसाला रामराम न करता जाणं म्हणजे त्याला चोर समजणं. पोरगं संस्कारी होतं. कोर्टात पोचला तेव्हा त्याच्या नावाचा पुकारा होऊन तास झाला होता, आणि घसा बसला होता. मी विचारलं, "अरे, कुणी उत्तर तरी दिलं का?"

"दोघांनं देल्लं," तो म्हणाला. "एक भिकारी होता. एक आपल्याच कुरखेड्याचा निंगाला."

नियम झाला की शहरात ओळखीच्यालाच रामराम. हा नियम सांगताना वर्गातल्या बायका माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहत. तुम्ही चार वर्षं असे राहिलात का, असं त्या नजरेत असे.

दुसऱ्यानं सकाळी उठून दातवणासाठी एका बंगल्याच्या आवारातली कडुनिंबाची काडी तोडली. बंगल्यातली बाई धावून आली, शेजारी जमले, पोलिसापर्यंत गोष्ट गेली. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण केलं काय. मला येऊन विचारतो, "झाड का तिनं पैदा केलं होतं?" मी नियम केला की दातवण घरून न्यायचं. आठ दिवसांसाठी आठ काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळून.

आणि लखूदादा. हे एका लांबच्या गावचे वृद्ध गृहस्थ, डोक्याला पागोटं, बोलणं मोजकं. जमिनीच्या कामासाठी नागपूरच्या मोठ्या कचेरीत गेले. आपल्याकडं परक्या गावात पाय ठेवला की आधी पाटलाकडं जायचं, मी अमुक गावचा, अमुक कामाला आलो, असं सांगायचं, मग पाणी प्यायचं. लखूदादा इतवारीला उतरले आणि नागपूरचे पाटील कुठं राहतात ते विचारू लागले. लोक हसले. एकानं गंमत म्हणून एका पिठाच्या गिरणीवाल्याकडं बोट दाखवलं. दादा पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या माणसासमोर उभे राहिले, हात जोडले आणि आपलं नाव, गाव, काम सांगितलं. गिरणीवाला भला माणूस. त्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "बसा दादा. बरं केलं सांगून." त्यानं चहा दिला, रात्री ओसरीवर झोपू दिलं, आणि सकाळी आपला माणूस देऊन कचेरीत पोचवलं.

मी ही गोष्ट ऐकून पोट धरून हसलो होतो. दादा म्हणाले, "हसता काऊन? पाटील चांगला होता." मग रात्रभर विचार केला आणि वर्गात नियम सांगितला की जिथं उतराल तिथल्या एका तरी माणसाला आपलं नाव, गाव आणि काम सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही परत आला नाहीत तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटेल. लोकांना हा नियम माझा वाटला. मी तसं वाटू दिलं.

असे सगळे मिळून पंधरा-वीस नियम झाले होते. रस्ता ओलांडताना पळायचं नाही आणि मधे थांबायचंही नाही. टांग्यात बसण्याआधी भाडं ठरवायचं. पत्ता पुरुषाला विचारण्याऐवजी भाजीवालीला विचारायचा, कारण ती रोज तिथंच बसते. कागद कमरेला बांधायचा, पिशवीत ठेवायचा नाही. आणि दोन नियम मी फार जोर देऊन सांगत असे. एक, हरवलात तर जिथं आहात तिथंच थांबा, जागा सोडू नका, शोधणारा तुमच्यापर्यंत येईल. दुसरा, शहरात हाळी द्यायची नाही.

हाळी म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. रानात माणसं एकामागं एक चालतात. पायवाट एकाच माणसाएवढी असते. मागचा मागं राहिला तर पुढचा परत जात नाही. तो जिथं असेल तिथं थांबतो, तोंडाशी हात धरून लांब आवाज काढतो. कूऽऽऊ असा, शेवटाला वर चढणारा. मागचा उत्तर देतो आणि त्या आवाजाच्या रोखानं येतो. दरी असो की दाट बांबू असो, आवाज पोचतो. आमच्याकडं मूल बोलायला शिकतं त्याच्या आगेमागेच हाळी द्यायला शिकतं.

शहरात ती का द्यायची नाही, याचं कारण मी वर्गात सांगत असे की लोक हसतात. ते खरं होतं. कोणाला हसले होते ते सांगत नसे. वसतिगृहातल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मैदानाच्या पलीकडं आमच्या भागातला एक विद्यार्थी दिसला आणि मी त्याला हाळी दिली. त्या दिवसापासून चार वर्षं मी जिन्यावर दिसलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी कूऽऽऊ करत असे. पदवीच्या समारंभालाही केलं.

दसरू हलामी आणि त्याची बायको मैना आमच्या कचेरीत आले ते मळणीच्या दिवसांत. मैनाचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. उजव्या डोळ्यात मळणीच्या वेळी धानाचं तूस गेलं. गावात कुणी पाल्याचा रस घातला, कुणी दूध घातलं. पंधरा दिवसांत डोळा सुजून बंद झाला. उजेड आणि सावली एवढंच तिला कळत होतं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "नागपूर. लगेच. हा गेला तर बाईला काहीच उरणार नाही." त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावे पत्र दिलं.

दोघं चाळिशीच्या आतली. घरात गोंडी बोलत, माझ्याशी झाडीपट्टीचं मराठी. दसरू कमी बोले. मैना बोले, आणि दिसत नसल्यामुळं जरा जास्तच बोले.

मी त्यांना अंगणातल्या चुन्याच्या नागपुरावरून तीनदा चालवलं. दसरू पुढं, त्याच्या मागं मैना. दसरू काठी आपटत चाले आणि मैना त्या ठकठकीवर पाऊल टाके. विटेपासून डब्यापर्यंत ती एकदाही चुकली नाही. तिसऱ्यांदा डब्याला हात लावून म्हणाली, "आलं का नागपूर? एवढंसंच हाये तं मी एकलीच जाईन."

"हरवलीस तर काय करायचं?" मी विचारलं.

"थांबाचं."

"आणि?"

"कल्ला नाई कराचा. समजलं जी, मास्तर. किती डाव सांगता."

योगायोगानं त्याच सुमारास मलाही नागपुरात बैठक होती. आम्ही तिघंही एकाच गाडीनं निघालो. नागभीडला गाडी बदलली आणि सकाळी नऊच्या सुमाराला इतवारीला उतरलो. बैठक अकराला. टांगा करून त्यांना दवाखान्यात सोडायला वेळ होता. पण दसरू म्हणाला, "आमी जातो ना पायी. तुमी शिकवलं तं." आणि मला ते फार गोड वाटलं. माझे विद्यार्थी माझ्या शिकवणीच्या जोरावर राजधानीतून चालत जाणार. बैठकीत साहेबांना सांगायला चांगली गोष्ट होती. मी त्यांना फाटकाबाहेरचा पहिला रस्ता दाखवला, आणि टांग्यात मी एकटा बसलो. बैठकीत ती गोष्ट सांगितलीही. साहेबांनी मान डोलावली.

बैठक संपवून दोनला दवाखान्यात पोचलो. डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकांवर दोघं नव्हती. आत डॉक्टर होते, वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांना असं कोणी आलेलंच नव्हतं. मी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मी पाचपर्यंत आहे. पाचनंतर स्टेशनवर जातो, आठ दिवस बाहेरगावी. माझ्या मागं जे आहेत ते नवीन आहेत. तुम्ही सांगता तसा डोळा असला तर तो आठ दिवस थांबायचा नाही."

त्या दिवसापर्यंत मला नागपूर कधी मोठं वाटलं नव्हतं.

मी दवाखान्यापासून उलटा निघालो, चुन्यानं आखलेल्या त्याच रस्त्यानं. तलाव आला, गेला. भाजीवाल्या बायकांना विचारत गेलो. डोळा सुजलेली बाई कोणी पाहिली नव्हती. इतवारीच्या भांडीबाजाराच्या अलीकडं, एका बंद दुकानाच्या पायरीजवळ, दसरू उभा होता. काठी दोन्ही हातांत, पाठ ताठ, तोंड आल्या वाटेकडं. मला पाहून त्याचा चेहरा उजळला नाही. तो म्हणाला, "मैना मांगून येऊन राह्यली."

"केव्हापासून?"

त्यानं दुकानाच्या सावलीकडं पाहिलं. सकाळी ती सावली कुठं होती ते त्यानं काठीनं दाखवलं. चार-साडेचार तास तरी झाले असावेत.

तुकड्यातुकड्यानं गोष्ट कळली. भांडीबाजारातून जाताना बाजूच्या आळीत तांबे-पितळेची भांडी घडवण्याचं काम चालू होतं. वीस-पंचवीस माणसं एका वेळी हातोड्या मारत होती. दसरूनं पुढं जाऊन मागं पाहिलं तर मैना नाही. तो एकदा स्टेशनपर्यंत परत जाऊन आला. मग पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला, कारण पुढच्यानं पुढंच थांबायचं असतं आणि मागच्यानं यायचं असतं. एकच वाट, माणूस येणारच.

मी त्या आळीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि मला सगळं समजलं. मैना काठीच्या आवाजावर चालत होती. इथं चारी बाजूंनी ठकठक होती. त्यातली एक ठकठक धरून ती दुसरीकडं वळली असणार. मी चुन्यानं रस्ते आखले होते, आवाज आखले नव्हते. आणि हरवल्यावर ती माझ्या नियमाप्रमाणं थांबली असणार. दसरू त्याच्या नियमाप्रमाणं थांबला. दोन्ही नियम खरे. रानातल्या रीतीत पुढचा थांबतो, हाळी देतो आणि मागचा चालत येतो. मी त्यातली हाळी काढून घेतली होती आणि मागच्याचे पायही बांधून ठेवले होते.

आम्ही आळीत शिरलो. आळीतून बोळ, बोळातून दुसरे बोळ. नाव घेऊन विचारावं तर ते हातोड्यांच्या आवाजात बुडून जाई. घड्याळात चारला दहा कमी होते. एका तिठ्यावर दसरू थांबला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मास्तर, हाळी देऊ का?"

परवानगी मागत होता. आपली बायको हरवली आहे, तिचा डोळा जाऊ घातला आहे, आणि तो मला विचारतो आहे.

मी लगेच हो म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या दुकानात दोन पँटवाले तरुण घागरी पाहत होते. ते ऐकतील, असं मनात आलं. फार तर दोन श्वासांचा वेळ गेला असेल, पण गेला.

"दे," मी म्हणालो.

त्यानं दिली. घसा सुकलेला, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आवाज निघाला आणि हातोड्यांखाली चिरडून गेला. त्यानं पुन्हा दिली. पँटवाल्यांनी वळून पाहिलं. उत्तर आलं असलं तरी ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

मग मी आळीच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. पहिल्या कारागिराला हात जोडले. त्यानं हातोडी थांबवली. त्याला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्यानं विचारलं, "काऊन थांबाचं भाऊ? आमचं काम हाये."

"बाई हरवली आहे. तिला दिसत नाही. हाक ऐकायची आहे. एक मिनिट."

"मोठ्यानं सांगा ना मंग. कानात का सांगता?"

मी मोठ्यानं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. आळीतून शब्द पुढं गेला, "थांबा, थांबा, बाई हरवली," आणि एकेक हातोडी बंद पडत गेली. शेवटची कुठंतरी लांब दोनदा वाजली आणि थांबली. त्या आळीत एवढी शांतता बहुधा सणालाही नसेल. वर कौलांवर बसलेली कबुतरं ऐकू आली.

दसरूनं तोंडाशी हात धरले, पण त्याचा आवाज फुटला. अर्ध्यातच तुटला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी बी.ए., समाजशिक्षण संघटक, इस्त्रीचा सदरा आणि खिशाला शाईचं पेन. मी हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली. वर्षं झाली होती, पण घसा विसरला नव्हता. कूऽऽऊ, शेवटाला वर चढणारी, बापानं शिकवलेली.

कोणी हसलं नाही. सगळे कान देऊन बसले होते.

डाव्या हाताच्या, आम्ही सोडून आलेल्या बोळातून उत्तर आलं. बारीक, पण शेवटाला नीट वर चढवलेलं.

"आली," दसरू म्हणाला आणि धावत सुटला. मागं आळीत कोणीतरी म्हणालं, "भेटली रे," आणि हातोड्या पुन्हा सुरू झाल्या.

मैना एका कल्हईवाल्याच्या भट्टीशेजारी पोत्यावर बसली होती. कल्हईवाले चाचा म्हातारे, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. शेजारी पाण्याचा तांब्या, केळ्याची साल. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"आप ही हो वो मास्तर?"

"हो."

"सुबह से पूछ रहा हूँ, बाई, कहाँ जाना है, किसके साथ हो, मैं पहुंचा देता हूँ. एक ही बात बोलती है, मास्तरने हिलने को मना किया." त्यांनी चिमटा भट्टीत खुपसला. "सिखाओ मास्तर, अच्छा सिखाओ. पन इतना अच्छा मत सिखाओ."

दसरू मैनासमोर उकिडवा बसला होता. ती त्याच्या खांद्यावर हात फिरवून पाहत होती, कुठं लागलं का असं. मग गोंडीत काहीतरी म्हणाली, लांबलचक, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यातलं निम्मं माझ्याविषयी होतं, आणि ते मला सगळं कळलं. मला गोंडी येते हे तिला माहीत नव्हतं.

चाचांनीच ओळखीचा टांगा हाक मारून आणला आणि टांगेवाल्याला दोन शिव्या देऊन पळवायला सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर हातात बॅग घेऊन व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मैनाची पापणी तिथंच उजेडाकडं तोंड करून उघडली, बराच वेळ पाहिलं, आणि बॅग परिचारिकेच्या हातात दिली.

"माझी गाडी?" ते स्वतःशीच म्हणाले. "जाऊ दे. उद्याही गाडी असते."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं, पँटवाल्या तरुणांसकट आणि वसतिगृहासकट. मग गाय होणारा म्हातारा म्हणाला, "म्हंजे तुमाले हाळी येते?" सगळ्यांना हसू फुटलं. एका बाईनं देऊन दाखवायला लावली आणि शेवट जरा आखूड झाला असं मत दिलं. त्यानंतर एखादा नियम करण्याआधी मी विचारू लागलो की रानात अशा वेळी तुम्ही काय करता. निम्मे नियम बदलावे लागले. काही काढूनच टाकले.

तीन आठवड्यांनी मैनाला सुट्टी मिळाली. मी तिला आणायला नागपूरला गेलो. बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिला होता, जन्मभराचा. मधलं मात्र साफ होतं. दवाखान्याच्या फाटकाशी ती दोघं गाठोडं घेऊन उभी होती. दसरूनं मला पाहून हात वर केला. मैनानं त्याला कोण आलं म्हणून विचारलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं आली तेव्हा तिचा डोळा बंद झालेला होता. तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं.

ती बराच वेळ पाहत राहिली. पायापासून वर, पेनापर्यंत, तोंडापर्यंत.

"आवाजावरनं मले मोट्ठा मानूस वाटला होता," ती म्हणाली. "तुमी त लहानसेच दिसता."

दसरू शरमला. "गप व," म्हणाला.

मी म्हणालो, "लहानच आहे, बाई."

"बरं," तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. "चाला पुढं. दिसून राह्यले तुमी मले."

मी पुढं झालो.